ज्वाळा बघायची की नळी? उडत्या रॉकेटवर अवरक्त कॅमेरा लावण्याआधी

इंदूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थिनीने विचारलंय: "काका, आमचा सहा जणांचा रॉकेट-संघ आहे. रॉकेट मीटरभर लांब, त्याच्या अंगाची नळी ७ सेंटिमीटर व्यासाची, वेग सेकंदाला १०० मीटरपर्यंत. फोनला लावायचा थर्मल कॅमेरा घेतला तर उडत्या रॉकेटच्या नळीचं तापमान मिळेल का? नासाने २०१४ साली परत येणाऱ्या, स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन रॉकेटची अवरक्त चित्रं घेतली होती, ती पाहून हे सुचलं."

नळीचं तापमान त्या कॅमेऱ्यातून मिळणार नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वर्गणीचे पैसे वाचतील. ज्वाळा दिसेल, पण एखाद्या ठिपक्यासारखी, आणि तिच्याजवळ जो आकडा उमटेल त्यावर विसंबता येणार नाही. तरीही तुमची कल्पना सोडून देऊ नका. थोडी वेगळी मांडणी केलीत तर तुमच्या खर्चात खरोखर उपयोगी माहिती हाती येते. ती कशी, ते सांगतो.

मी २४ वर्षं पीथमपूर आणि देवासच्या कारखान्यांत थर्मोग्राफी, म्हणजे थर्मल कॅमेऱ्याने यंत्रांची तपासणी, करतोय. भट्ट्या, बसबार (वीज वाहून नेणाऱ्या धातूच्या पट्ट्या), ट्रान्सफॉर्मर, मोटारींची बेअरिंगं हे माझं रोजचं काम. विद्यार्थ्यांच्या रॉकेटांना कॅमेरा लावायला लागलो ते गेल्या काही वर्षांत. दोन्हीकडे चूक एकच होते: पडद्यावर लाल-पिवळं चित्र दिसलं की माणूस त्याला तापमान समजतो. कॅमेऱ्यापर्यंत येतो तो फक्त प्रकाश, तोही तरंगलांबीच्या एका ठरावीक पट्ट्यातला. त्या प्रकाशावरून आतलं सॉफ्टवेअर तापमानाचा अंदाज बांधतं. तो अंदाज कुठल्या गृहीतकांवर उभा आहे हे माहीत नसेल तर आकडा कितीही दशांशांपर्यंत दिसला तरी उपयोग नाही.

सुरुवात पट्ट्यापासून करू. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलने १८०० साली लोलकातून सूर्यप्रकाश फाकवला आणि तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं तिथे, तापमापी ठेवला. पारा चढला. तो "पलीकडचा", म्हणजे अवरक्त, प्रदेश फार मोठा आहे आणि सगळीकडे सारखा नाही. वस्तू किती गरम आहे त्यावर तिचा प्रकाश कुठल्या तरंगलांबीवर सर्वांत जोरात असतो ते ठरतं. २८९८ ला केल्विनमधल्या तापमानाने (सेल्सियस अधिक २७३) भागा, लांबी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत, मिळते. सकाळच्या गारव्यात उभी असलेली तुमची नळी साधारण ३०० केल्विनची, म्हणजे तिचा जोर १० मायक्रॉनच्या आसपास. मोटारीतून, म्हणजे रॉकेटच्या इंजिनातून, निघणारा झोत १६०० केल्विन धरला तर २ मायक्रॉनच्याही आत. एकाच रॉकेटची दोन अंगं अशी पट्ट्याच्या दोन टोकांना बसतात. म्हणून तुमच्या संघाने आधी हे ठरवायचं: ज्वाळा बघायची आहे की नळी? दोन्ही एकाच कॅमेऱ्यातून, एकाच सेटिंगवर नीट दिसतील अशी अपेक्षा ठेवू नका. फोनला लागणारे कॅमेरे ८ ते १४ मायक्रॉनच्या पट्ट्यातले असतात, म्हणजे नळीसाठी योग्य आणि ज्वाळेसाठी आडवळणाचे.

मग नळीसाठी योग्य असूनही नळी का दिसणार नाही? इथे गणित कागदावर मांडूनच बघा. स्वस्त कॅमेऱ्यात १६० × १२० पिक्सेल असतात आणि आडवा दृष्टिकोन समजा ५७ अंश. एका पिक्सेलच्या वाट्याला ०.३६ अंश येतो. २०० मीटर अंतरावर तो पिक्सेल जमिनीवरच्या भाषेत सव्वा मीटरचा चौकोन होतो. तुमचं रॉकेट १ मीटर × ७ सेंटिमीटर. म्हणजे अख्खं रॉकेट एका पिक्सेलमध्ये मावलं, तरी त्या चौकोनाचा विसावा भागसुद्धा त्याने भरत नाही. उरलेलं सगळं आकाश. निरभ्र आकाश या पट्ट्यात फार थंड दिसतं. ते उणे २० धरू आणि नळी ६० अंशांची. दोन्हींचा प्रकाश मिसळून कॅमेरा सांगेल साधारण उणे १५. ६० अंशांची नळी पडद्यावर बर्फाहून गार! कॅमेरा बिघडलेला नाही, त्याच्यापुढे जे आलं त्याची सरासरी तो प्रामाणिकपणे सांगतोय. वस्तूच्या आडव्या मापात निदान तीन पिक्सेल बसल्याशिवाय तिचं तापमान वाचायचं नाही, हा आमच्या धंद्यातला साधा दंडक आहे, आणि मी तो विजेच्या तारांवरसुद्धा मोडत नाही.

आता वेग. स्वस्त कॅमेऱ्यातला प्रत्येक पिक्सेल म्हणजे एक इवलासा पापुद्रा असतो. प्रकाश पडला की तो तापतो आणि त्याचा विद्युत-रोध बदलतो. याला मायक्रोबोलोमीटर म्हणतात. तापायला त्याला वेळ लागतो, साधारण १० मिलिसेकंद. तेवढ्या वेळात सेकंदाला १०० मीटर जाणारं रॉकेट १ मीटर पुढे सरकलेलं असतं, म्हणजे स्वतःच्या लांबीइतकं. चित्र पुसट येणारच. त्यातून पुष्कळसे स्वस्त कॅमेरे सेकंदाला ९ पेक्षा कमी चित्रं देतात, कारण त्याहून वेगवान थर्मल कॅमेऱ्यांवर निर्यातीची बंधनं असतात. दोन चित्रांच्या मध्ये तुमचं रॉकेट ११ मीटर निघून गेलं. मोटार जळते जेमतेम दीड-दोन सेकंद. एकूण चित्रं मिळणार पंधराच्या आसपास, तीही पुसट.

फाल्कनची चित्रं कशी आली याचं उत्तर याच हिशेबात आहे. ते उड्डाण २१ सप्टेंबर २०१४ चं, अंतराळ स्थानकाला सामान पोचवणारं. पहिला टप्पा वेगळा होऊन खाली येताना ध्वनीपेक्षा जास्त वेगात इंजिनं पुन्हा पेटवत होता. ७० ते ४० किलोमीटर उंचीच्या पट्ट्यातली हवा मंगळाच्या हवेसारखी विरळ असते, म्हणून नासाला त्यात रस होता: मंगळावर जड यान उतरवायचं तर वेगाच्या विरुद्ध दिशेने इंजिन पेटवल्यावर झोत आणि समोरून येणारी हवा एकमेकांशी कशी वागतात, ते प्रत्यक्ष बघायचं होतं. दोन विमानं पाठवली होती, त्यांतलं एक डब्ल्यूबी-५७, जे १८ किलोमीटरहून उंच उडू शकतं. अंतर सुमारे ११० किलोमीटर. पट्टा ३ ते ५ मायक्रॉनचा.

विमान कशाला? जमिनीलगतच्या हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड हे अवरक्त प्रकाशाचे पडदे आहेत. पडद्यात खिडक्या आहेत, ३ ते ५ आणि ८ ते १४ मायक्रॉन या त्यातल्या दोन मोठ्या, पण तिरप्या नजरेने १०० किलोमीटर हवेतून बघायचं म्हटलं की खिडक्याही धुरकट होतात. उंच गेलं की बहुतेक वाफ खाली राहते. बाकी पिक्सेलचा हिशेब तुम्हीच करून बघा: २८ सेंटिमीटर व्यासाची दुर्बीण ४ मायक्रॉनवर प्रकाशाच्या स्वभावामुळेच १७ मायक्रोरेडियनच्या कोनापेक्षा (अंशाच्या साधारण हजाराव्या भागापेक्षा) बारीक बघू शकत नाही. ११० किलोमीटरवर ते होतात जवळपास २ मीटर. फाल्कनचा व्यास ३.७ मीटर. इतक्या तुटपुंज्या तपशिलातून त्या लोकांनी निष्कर्ष काढले, कारण प्रश्न नेमका होता: झोत टप्प्याभोवती कसा पसरतो. टप्प्याच्या अंगावरच्या प्रत्येक पत्र्याचं तापमान त्यांनी मागितलं नव्हतं.

अंगाचं तापमान मागितलं होतं ते आधी, २००९ साली, आणि मला स्वतःला तो प्रयोग जास्त सुंदर वाटतो. नासाचं डिस्कव्हरी हे अंतराळ शटल २८ मार्च २००९ ला परतत होतं. त्याच्या डाव्या पंखाखालच्या एका उष्णतारोधक टाइलवर मुद्दाम ६ मिलिमीटरचा उंचवटा ठेवला होता. हवा पृष्ठभागावरून आधी शांत थरांत वाहते, मग खवळते, आणि खवळली की उष्णता एकदम वाढते. उंचवट्यामुळे ती आधी खवळेल आणि मागे गरम पट्टा उमटेल, असा कयास होता. फ्लोरिडाजवळच्या समुद्रावर थांबलेल्या अमेरिकी नौदलाच्या ओरायन विमानातून, शटल ध्वनीच्या ८ पट वेगाने वरून जात असताना, तो पट्टा कॅमेऱ्याने टिपला. इथे कॅमेऱ्यासाठी जवळचं अवरक्त, म्हणजे तांबड्याला लागून असलेला प्रकाश, वापरला, कारण टाइल्स हजार केल्विनच्या घरात तापल्या होत्या आणि त्या तापमानाला तिथे भरपूर प्रकाश मिळतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पंखाखाली, उंचवट्याच्या मागे, थर्मोकपलही (तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोड्या) बसवलेले होते. कॅमेऱ्याचा आकडा त्यांच्याशी ताडून बघता आला. दुरून बघणाऱ्या कॅमेऱ्याला जवळचा एक साक्षीदार लागतोच.

तुमच्या नळीची गोष्ट याच्या तुलनेत फारच थंड आहे, हे लक्षात घ्या. हवेशी घासून येणाऱ्या तापाचा अंदाज सोपा: वेगाचा वर्ग भागिले २०००, उत्तर अंशांत. १०० मीटर वेगाला ५ अंश. एवढंच. तेही पृष्ठभागापर्यंत पूर्ण पोचायच्या आत उड्डाण संपतं. ३०० मीटर वेगाला ४५ अंश होतील, तेव्हा पुन्हा बोलू. तुमच्या रॉकेटमध्ये नळी तापते ती आतून, मोटारीमुळे, आणि तिच्या तापमानाचं शिखर येतं मोटार विझल्यानंतर, उष्णता नळीच्या जाड पुठ्ठ्यातून बाहेर झिरपल्यावर. म्हणजे ते शिखर बघायची वेळ उड्डाणात नाहीच, रॉकेट छत्रीने खाली आल्यावर आहे. जमिनीवर टेकल्यावर दोन पावलांवरून तोच स्वस्त कॅमेरा धरा, मिनिटभर चित्रण करा, आणि नॉझलपासून (झोत बाहेर पडतो त्या तोंडापासून) वर उष्णता कशी सरकते ते बघा. या कामाला १६० × १२० पुरेसे आहेत. फक्त जळलेल्या मोटारीला लगेच हात लावू नका आणि मोटार पेटली नसेल तर जवळच जाऊ नका.

तिथेही एक सापळा आहे. उघडं, चकचकीत ॲल्युमिनियम अवरक्तात आरशासारखं वागतं. स्वतःचा प्रकाश तो फार कमी सोडतो आणि भोवतालचा परत फेकतो. पीथमपूरच्या एका कारखान्यात मी नवखा असताना पॉलिश केलेल्या बसबारवर ३८ अंश वाचून "ठीक" असा शेरा दिला होता. शेजारच्या काळ्या टेपच्या गुंडाळीवर कॅमेरा गेला तेव्हा तिथे ९० च्या वर होतं. तेव्हापासून चकचकीत धातूवर टेपचा तुकडा चिकटवल्याशिवाय मी आकडा लिहीत नाही. तुमच्या रॉकेटच्या धातूच्या भागांवर साध्या काळ्या इन्सुलेशन टेपच्या दोन पट्ट्या लावा आणि कॅमेऱ्यातली उत्सर्जनक्षमता (पृष्ठभाग स्वतःचा प्रकाश किती सोडतो ते प्रमाण) ०.९५ ठेवा. पुठ्ठा आणि रंगाची चिंता नको. पांढरा रंगसुद्धा ८ ते १४ मायक्रॉनमध्ये जवळजवळ काळाच असतो, डोळ्याच्या पांढऱ्याशी त्याचा संबंध नाही.

काचेचंही असंच. एका संघाने पावसाच्या भीतीने थर्मल कॅमेरा गाडीत ठेवून बंद काचेतून चित्रण केलं होतं. पूर्ण वेळ त्यांना काचेचं तापमान आणि स्वतःच्या चेहऱ्यांची धूसर प्रतिबिंबं मिळाली. साधी काच ३ मायक्रॉनच्या पुढे प्रकाश जाऊ देत नाही. म्हणूनच या कॅमेऱ्यांची भिंगं जर्मेनियमची असतात आणि महाग असतात. झाकायचंच असेल तर भाजीच्या पातळ पॉलिथीन पिशवीचा एक थर ताणून लावा, त्यातून बऱ्यापैकी दिसतं.

आता ज्वाळा. तुम्हाला खरं तर ज्वाळेतच जास्त मजा येईल आणि त्यासाठी थर्मल कॅमेऱ्याची गरजही नाही. साध्या डिजिटल कॅमेऱ्याचा सिलिकॉन सेन्सर १ मायक्रॉनच्या किंचित पुढेपर्यंत बघतो, पण कंपनी त्याच्यापुढे अवरक्त अडवणारी काचेची चकती बसवते. जुन्या कॅमेऱ्याची ती चकती काढून घ्या आणि भिंगावर ८५० नॅनोमीटरच्या पुढचा प्रकाशच आत सोडणारा फिल्टर लावा. हवेतल्या पांढऱ्या धुराची चकाकी आणि निळं आकाश बरंच मागे पडतं आणि झोतातले तापलेले कण उठून दिसतात. सुमारे ४०० अंशांखालचं काही दिसणार नाही, हे इथे सोयीचंच आहे. सेकंदाला १२० चित्रं घ्या, एक्स्पोजर हाताने ठेवा, जितकं कमी ठेवता येईल तितकं. दर चित्रात झोताची लांबी मोजा आणि वेळेसमोर आलेख काढा. मोटारीच्या कंपनीने दिलेल्या धक्क्याच्या (थ्रस्टच्या) आलेखाशी तो ताडून बघा. मी हे केलंय. पेट घेताना आणि विझताना दोन्हींचा आकार बघण्यासारखा जुळतो.

ज्वाळेचं तापमान मात्र सांगायला जाऊ नका. गरम वायू हा गरम पत्र्यासारखा वागत नाही. पत्रा सगळ्या लांबींवर प्रकाश देतो, वायू निवडक लांबींवरच देतो. कार्बन डायऑक्साइडची लांबी ४.३ मायक्रॉनच्या आसपास, वाफेची एक मोठी २.७ ला. आपल्या इस्रोच्या एलव्हीएम-३ रॉकेटवर याचे दोन टोकाचे नमुने आहेत. बाजूच्या घन इंधनाच्या बूस्टरांमध्ये ॲल्युमिनियमची पूड जळते, तिच्या ऑक्साइडचे तापलेले कण झोतातून उधळतात आणि कण पत्र्यासारखेच सगळीकडे चमकतात. वरच्या क्रायोजेनिक टप्प्यात हायड्रोजन जळतो, बाहेर पडते ती वाफ. डोळ्याला ती ज्वाळा जवळजवळ दिसत नाही, पण २.७ मायक्रॉनवर ती झळझळीत असते. एकाच रॉकेटच्या दोन झोतांना एकच "उत्सर्जनक्षमता" लावली तर निदान एक आकडा तरी पूर्ण खोटा येईल.

यातली एक गंमत मला अजूनही थक्क करते. हवेतही कार्बन डायऑक्साइड आहेच, त्यामुळे झोताचा ४.३ मायक्रॉनचा प्रकाश वाटेतली थंड हवा गिळून टाकते. मग जमिनीवरून तो दिसायलाच नको. पण तापलेल्या वायूच्या रेषा थंड वायूपेक्षा जास्त रुंद पसरतात, आणि थंड हवेच्या झाकणाच्या दोन्ही कडांनी, ४.२ च्या अलीकडून आणि ४.४ च्या पलीकडून, थोडा प्रकाश निसटतो. दुरून रॉकेट ओळखणारे त्या दोन निसटत्या कडांवर नजर ठेवतात. उपग्रहांनी तर अडचणीचीच सोय केली. अमेरिकेने १९७० पासून सोडलेले पूर्वसूचना देणारे उपग्रह २.७ मायक्रॉनच्या आसपास बघतात. तिथे हवेतली वाफ जमिनीवरून येणारा प्रकाश अडवते, त्यामुळे पृथ्वी काळी दिसते आणि ढगांच्या वर चढून आलेला झोत तेवढा दिव्यासारखा उजळतो. १९९१ च्या आखाती युद्धात स्कड क्षेपणास्त्रांची उड्डाणं अशीच दिसली होती.

प्रत्यक्ष मैदानावरच्या गोष्टींत शटरबद्दल सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. थर्मल कॅमेरा दर काही मिनिटांनी स्वतःच एक छोटं शटर पुढे टाकून पिक्सेलांची बरोबरी करून घेतो. "टक्" असा आवाज येतो आणि अर्धा-एक सेकंद चित्र गोठतं. एका संघाच्या वर्षभराच्या मेहनतीचं उड्डाण माझ्या कॅमेऱ्यात असंच गेलं: "दोन, एक" आणि टक्. चित्र परत आलं तेव्हा समोर फक्त धुराचा खांब होता. त्या मुलांचे चेहरे मी विसरलेलो नाही. उलटी मोजणी १५ वर आली की हाताने शटर टाकून घ्या आणि स्वयंचलित शटर बंद करा. ज्या कॅमेऱ्यात ते बंद करता येत नाही तो उड्डाणासाठी घेऊच नका. दुकानदाराला विचारायचा पहिला प्रश्न हाच.

कॅमेरा निदान अर्धा तास आधी बाहेरच्या हवेत चालू ठेवा. याचं कारण एका दुःखद उदाहरणात आहे. चॅलेंजर शटलच्या उड्डाणाच्या सकाळी, २८ जानेवारी १९८६ ला, बर्फ तपासणाऱ्या पथकाने हातातल्या अवरक्त तापमापीने बूस्टरांचं तापमान घेतलं होतं. डावा सुमारे उणे ४ अंश, उजव्याचा खालचा भाग उणे १३. एवढा फरक का, याचा छडा चौकशी आयोगावरच्या रिचर्ड फाइनमन यांनी लावला, तेव्हा कळलं की उपकरणाला बाहेरच्या थंडीशी जुळवून घ्यायला पुरेसा वेळ दिलेला नव्हता, त्यामुळे वाचन खऱ्यापेक्षा खाली आलं होतं. अपघाताचं कारण ते वाचन नव्हे, थंडीने कडक झालेल्या रबरी कड्या होत्या. पण उबदार खोलीतून बाहेर आणलेल्या उपकरणाने चुकीचं सांगणं, हे डिसेंबरात इंदूरच्या पहाटेही तसंच घडतं.

वेळ पहाटेचीच ठेवा. एप्रिलच्या दुपारी माळव्याची काळी जमीन ६० अंशांवर जाते आणि तिच्यावरची हवा उकळत्या पाण्यासारखी थरथरते, दूरचं काहीच स्थिर दिसत नाही. पावसाळ्यात वाफ आड येते. डिसेंबर-जानेवारीत उजाडल्यावर जमीन गार, हवा कोरडी, आकाश निरभ्र. सूर्य पाठीशी ठेवा आणि कॅमेरा चुकूनही सूर्यावर नेऊ नका, मायक्रोबोलोमीटरवर कायमचा डाग पडू शकतो. जागा विमानतळापासून आणि महूच्या लष्करी हद्दीपासून दूरची, परवानगी लेखी. चित्रण रंगीत व्हिडिओत साठवू नका, कच्च्या आकड्यांत साठवा. रंग नंतर हवे तसे देता येतात, रंगांतून आकडे परत काढता येत नाहीत.

तुमच्या पैशांत मी हे घेईन: चकती काढलेला एक जुना कॅमेरा ज्वाळेसाठी, तापमानाने रंग बदलणारी चार चिकटपट्टी-लेबलं नळीवर, आणि नॉझलशेजारी एक के-प्रकारचा थर्मोकपल, ज्याची नोंद तुमच्या आतल्या सर्किटवर होईल. चांगला थर्मल कॅमेरा, ६४० × ५१२ पिक्सेलचा, ५० मिलिमीटर भिंगाचा, माझ्याकडे आहे. २०० मीटरवर त्याचा पिक्सेल ५ सेंटिमीटरचा होतो, म्हणजे नळीच्या जाडीत जेमतेम दीड पिक्सेल, तिथेही मी आकडा लिहिणार नाही. पण झोत, विझल्यानंतर नॉझलची धग आणि छत्री उघडते तो क्षण त्यात स्वच्छ दिसतो. उड्डाणाची तारीख ठरली की आदल्या रविवारी घरी या. त्याचं दृश्य-क्षेत्र ९ अंशांहून कमी आहे, हाताने रॉकेटच्या मागे फिरवायला सराव लागतो, तो आपण गच्चीवरून कबुतरांवर करू.